मागचा पुठ्ठा

आमच्या घरात एक पुस्तक आहे. ते कोणी वाचत नाही, पण आलागेला प्रत्येक जण हातात घेऊन बघतो. गडद निळं कापड, कोपऱ्यांना चामडं आणि पाठीवर सोनेरी अक्षरांत एकच शब्द: संगणक. आत काय, तर कॉम्प्युटरबरोबर खोक्यातून आलेल्या तीन माहितीपुस्तिका. हो, मी त्यासुद्धा बांधल्या. बाइंडरच्या घरात तीन पुस्तिका तीन आकारांच्या, पिना गंजत चाललेल्या, अशा पडून राहिल्या तर मला जेवण गोड लागत नाही. बायको पाहुण्यांना ते पुस्तक दाखवते आणि म्हणते, यांचा स्वभावच असा. पाहुणे कौतुक करतात, मी मान खाली घालतो, आणि लोकांना वाटतं माणूस किती विनयशील.

विनय कसला डोंबलाचा. मला त्या पुस्तकाकडे बघवत नव्हतं.

सात वर्षांपूर्वी आम्ही कॉम्प्युटर घेतला. माझ्या नावावर घेतला, कारण चिरंजीव तेव्हा कागद न वाचता सह्या ठोकायचे. सगळी सिस्टीम कंपनीतूनच भरून आली होती. वायर लावायची, बटण दाबायचं, झालं. खोकं रिकामं केलं तेव्हा या पुस्तिका निघाल्या आणि माझे हात शिवशिवले. एका रविवारी दुकानात कोणी नव्हतं. मी तिन्हींची कव्हरं काढली, पिना उपसल्या, फॉर्म, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे जुडगे, शिवले. शेवटच्या पुस्तिकेच्या शेवटच्या पानाला एक जाड कागदी पाकीट चिकटवलेलं होतं, त्यावर बारीक छपाई. मला वाटलं हमीपत्र असेल. आपल्याकडे आलेलं छापील पान मी टाकत नाही. गिऱ्हाईकाच्या पुस्तकात जाहिरातीचं पान असलं तरी ते मी जिथल्या तिथे शिवतो. म्हणून पाकीटही राहू दिलं. गठ्ठा सारखा केला, कटिंग मशीनमध्ये घातला आणि पातं ओढलं.

कागद कापला जाताना जो आवाज येतो तो मी झोपेतही ओळखेन. हा आवाज तो नव्हता. कटकन काहीतरी मोडलं. पाकीट उघडून बघतो तर आत दोन डिस्क. दोन्हींच्या एका बाजूने बोटभर तुकडा साफ उडालेला. पाकिटावर काय छापलं होतं ते मी तेव्हा वाचलं. सिस्टीम बिघडली तर दुरुस्तीसाठी या डिस्क लागतील, जपून ठेवा, असं ठळक अक्षरांत होतं.

मी काय केलं ते सांगायची लाज वाटते, पण सांगायलाच बसलोय तर सांगतो. शांतपणे दार लावून घेतलं. मागच्या पुठ्ठ्यासाठी दोन पातळ पुठ्ठे घेतले, एकात पाकिटाच्या मापाचा खड्डा कोरला, त्यात पाकीट तुकड्यांसकट बसवलं आणि वर दुसरा पुठ्ठा चिकटवला. मग कापड, मग आतून अस्तर. अस्तर म्हणजे पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला लावतो तो कोरा कागद. हाडाच्या पट्टीने ते असं घासलं की कुठे फुगवटा नाही की सुरकुती नाही. आयुष्यात इतकं सफाईदार काम दुसरं केलं नसेल. पात्याला खाच पडली होती, ती चिरंजीवांना दिसली. गिऱ्हाईकाच्या वहीत पिन राहिली होती, असं मी ठोकून दिलं आणि वर पिना नीट न काढणाऱ्या लोकांवर पाऊण तास तोंडसुख घेतलं.

टाकून का दिल्या नाहीत, असं कोणी विचारेल. टाकवल्या नाहीत. पुस्तकातून एक पान कमी करणं मला जमत नाही. आणि कबूल का केलं नाही, तर पन्नाशी उलटलेला माणूस, ज्याने दुसऱ्यांची तिरकी कापलेली पुस्तकं त्यांच्या तोंडावर फेकली, त्याने घरात जाऊन काय सांगायचं? न बघता कापलं म्हणून?

इथवर चूक माझी होती आणि मनस्तापही माझाच होता. पुढे सून घरात आली. घर लावायच्या उत्साहात तिने आल्या आल्या भिंतीतलं कपाट आवरलं आणि दोन पिशव्या रद्दी काढली. त्यानंतर वर्षभराने कॉम्प्युटर जरा कुरकुरला. चिरंजीवांनी विचारलं, याच्या डिस्क होत्या ना कुठे? सगळीकडे शोधाशोध झाली. मीही शोधल्या. स्टुलावर चढून माळा शोधला, लोकहो, अंगावर धूळ घेतली. शेवटी बायको सहज बोलून गेली की सूनबाईंच्या रद्दीत गेल्या असतील. सून म्हणाली, मी कागदच दिले होते, आई. पण तिच्या आवाजात खात्री नव्हती आणि खात्री नसलेल्या माणसाला आमच्या घरात कोणी सोडत नाही.

तेव्हापासून आमच्याकडे काहीही हरवलं, चावी, चष्मा, बिल, की कोणीतरी म्हणतं, सूनबाईंना विचारा, रद्दीत गेलं असेल. हसून म्हणायचे सगळे. मीही म्हटलंय. पाच वर्षांत किती वेळा म्हटलं ते आठवून पाहिलं तर अंगावर काटा येतो. ती आधी रागवायची, मग रडायची, मग नुसती हसायची. त्या हसण्याची मला सवय होऊन गेली, तिथेच माझं चुकलं.

आता कामाचं सांगतो. ही पोरगी हुशार आहे. आमच्याच कॉम्प्युटरवर अक्षरजुळणी शिकली. आधी पत्रिका, पावत्या, मग छोटी पुस्तकं. यंदा नर्सेसच्या शाळेने तिला त्यांचं पाठ्यपुस्तक दिलं, चारशे पानांचं, आकृत्या आणि तक्त्यांसकट. तिचं पहिलं मोठं पुस्तक. ती पानं लावणार आणि मी बांधणार, असं ठरलं होतं. पहिल्या अडीचशे पानांची प्रत तिने वेगळी काढून ठेवली होती. उरलेली दीडशे रोज रात्री काढू काढू म्हणत मशीनमध्येच राहिली. सोमवारी सगळं शाळेत द्यायचं आणि त्याआधीच्या मंगळवारी कॉम्प्युटर सुरू होईना. काळा पडदा आणि त्यावर एक पांढरी ओळ की अमुक एक फाइल सापडत नाही.

दुरुस्तीवाला आला, बघून गेला. त्याचं म्हणणं असं की मशीन धडधाकट आहे, सिस्टीम मोडलीय. त्याच्याकडच्या डिस्कने नवी सिस्टीम घालता येईल, पण आतलं सगळं पुसलं जाईल. या मशीनबरोबर कंपनीने दिलेल्या डिस्क असतील तर त्यात दुरुस्तीचा मार्ग असतो, त्याने फाइलींना धक्का लागत नाही. त्या कुठे आहेत, असं त्याने विचारलं. चिरंजीवांनी सुनेकडे बघितलं आणि त्या वेळी ते रद्दीचं वाक्य कोणी म्हटलं नाही, हे म्हटल्याहून वाईट होतं. सून उठून आत गेली आणि नळ सोडल्याचा आवाज आला. बराच वेळ पाणी वाहत होतं.

दुसऱ्या दिवशी तिने कंपनीच्या केंद्रात फोन लावला. बदली डिस्क मिळतात, पण ज्याच्या नावावर मशीन आहे त्याने स्वतः यायचं आणि मशीनचा नंबर आणायचा, असं तिला सांगण्यात आलं. नंबर कुठे आहे, तर माहितीपुस्तिकेच्या पहिल्या पानावर. तिने कपाटातून ते निळं पुस्तक काढलं, फडक्याने पुसलं आणि म्हणाली, बाबा, उद्या सकाळी जाऊया.

बसमध्ये पाऊण तास ते पुस्तक तिच्या मांडीवर होतं. ज्या डिस्क हरवल्या म्हणून लिहून द्यायला निघालो होतो, त्या मांडीवर घेऊन ती बसली होती. तिचा तळहात नेमका मागच्या पुठ्ठ्यावर. बोलावं, आत्ताच बोलावं, पुढच्या थांब्याच्या आत बोलावं, असं करत सगळे थांबे गेले. मध्येच ती खिडकीबाहेर बघत म्हणाली की तिला अजूनही आठवत नाही. कागद आठवतात, जुनी मासिकं आठवतात, डिस्क काही डोळ्यांसमोर येत नाहीत.

"पण गेल्याच असतील माझ्याकडून," ती म्हणाली. "एवढे सगळे म्हणतात तर."

मी म्हटलं, जाऊ दे, होतं असं. काय दानत माझी. चोराने घरमालकाला धीर द्यावा तसं ते होतं.

केंद्र म्हणजे एक लांबट खोली, टेबलांची रांग आणि प्लास्टिकच्या खुर्च्या. आमच्या वाट्याला आलेल्या बाईंनी चष्मा साखळीला अडकवला होता आणि त्या घाई करत नव्हत्या, हे मला आवडलं. त्यांनी पुस्तक हातात घेतलं, उलटसुलट करून बघितलं. इतक्या वर्षांत असं कोणी आणलं नव्हतं म्हणाल्या, कोणी बांधलं विचारलं. सून लगेच म्हणाली, आमच्या बाबांनी. अभिमानाने म्हणाली. मी टेबलावरच्या टाचण्यांच्या डबीकडे बघत राहिलो.

बाईंनी नियम सांगितले. डिस्क मोडल्या, तडकल्या असतील तर तुकडे जमा करायचे आणि बदली डिस्क हातोहात घेऊन जायच्या. हरवल्या असतील तर कशा हरवल्या ते लिहून द्यायचं, मालकाने खाली सही करायची, अर्ज मुख्य कार्यालयात जाणार आणि डिस्क यायला पाच ते सहा आठवडे. हरवल्याची सवलत एका मशीनला एकदाच. सहा आठवडे ऐकून सुनेचा चेहरा उतरला. सोमवार चार दिवसांवर होता. शाळेने आधीच बजावलं होतं की उशीर झाला तर काम दुसरीकडे जाईल.

सुनेने दीडशे पानांची गोष्ट सांगितली. बाई कळवळल्या, पण त्यांच्या हातात नव्हतं.

"तुकडा तरी आहे का एखादा?" त्यांनी विचारलं. "नंबर दिसेल एवढा तुकडा असला तरी मी आत्ता देते."

सून म्हणाली, "नाही हो. रद्दीत गेल्या."

बाईंनी अर्ज पुढे सरकवला. सुनेने पेन घेतलं आणि लिहायला लागली. तिचं अक्षर सुरेख आहे, बाजूला बसूनही मला सगळं वाचता येत होतं. सदर डिस्क घर आवरताना माझ्या निष्काळजीपणामुळे रद्दीत गेल्या. निष्काळजीपणा या शब्दावर ती क्षणभर थांबली, मग तो पुरा केला. खाली तिने स्वतःचं नाव घातलं, नात्याच्या रकान्यात सून असं लिहिलं आणि कागद माझ्याकडे वळवला.

मी पेन घेतलं. मी सही करायला लागलो, हे लपवत नाही. पहिलं अक्षर झालं, दुसरं झालं. वरची ओळ डोळ्यांसमोर होती. माझ्या दुकानात निष्काळजीपणा हा शब्द मी रोज वापरतो, दुसऱ्यांसाठी. तो तिच्या अक्षरात, तिच्या नावावर, कायमचा छापील कागदावर बसलेला बघितला आणि हात पुढे सरकेना. मी पेन खाली ठेवलं आणि बाईंना म्हटलं, एखादं पातं असेल तर द्या.

सुनेला वाटलं मला बरं वाटत नाहीये. ती पाण्याची बाटली शोधायला लागली. बाईंनी ड्रॉवरमधून खोकी उघडायचा कटर काढून दिला. मी निळं पुस्तक पालथं केलं, मागचं पान उघडलं आणि अस्तर तिन्ही बाजूंनी चिरलं. सात वर्षांत खळ दगडासारखी झाली होती. वरचा पुठ्ठा मला नखाने उचकटून काढावा लागला आणि नख मोडलं. पाकीट निघालं. ते टेबलावर उपडं केलं तेव्हा दोन कापलेल्या डिस्क आणि त्यांचे दोन तुकडे बाहेर पडले, अगदी कालच्यासारखे चकचकीत.

"मी कापल्या होत्या," मी म्हणालो. "ही घरात येण्याच्या आधी."

बाईंनी चष्मा लावला, डिस्कच्या मधल्या गोलावरचा नंबर बघितला आणि सुटका झाल्यासारखं म्हणाल्या, मग काय, झालंच की काम. त्या उठून आत गेल्या. सून त्या तुकड्यांकडे बघत होती. मला वाटलं ती काहीतरी बोलेल, रागवेल, निदान का म्हणून विचारेल. तिने तो अर्ज उचलला, स्वतःची ओळ एकदा वाचली, माझी अर्धी सही बघितली आणि कागदाच्या चार घड्या करून पिशवीत ठेवला. फाडला असता तर बरं झालं असतं.

मोडल्याचा अर्ज वेगळा होता. त्यावर कारणाचा रकाना होता. या वेळी तिने पेन माझ्यापुढे ठेवलं आणि हात मांडीवर घेतले. मी लिहिलं, न बघता कापल्या. पूर्ण सही केली.

परतीच्या बसमध्ये नव्या डिस्क तिच्या पिशवीत होत्या आणि चिरलेलं पुस्तक माझ्या मांडीवर. मी माफी मागितली. नीट मागता आली नाही. मधूनच मी खळीबद्दल बोलायला लागलो, पात्याबद्दल बोलायला लागलो, तिने ऐकून घेतलं. उतरायच्या आधी ती एवढंच म्हणाली की घरी सांगायचं की नाही ते मी बघावं, ती सांगणार नाही. आणि माझ्या मनात पहिला विचार काय आला माहीत आहे? की बरं झालं. आमच्या गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत मी त्या विचाराच्या आधाराने चाललो, एवढा मी लुच्चा आहे.

घरी चिरंजीव आणि बायको वाट बघत होते. सुनेने चप्पल काढली आणि सरळ कॉम्प्युटरसमोर बसली. पहिली डिस्क घातली, मशीन घरघरलं आणि पडद्यावर प्रश्न आला: नवीन घालायचं की दुरुस्त करायचं? तिने दुरुस्त निवडलं. एक निळी पट्टी हळूहळू पुढे सरकायला लागली. आम्ही सगळे तिच्या मागे उभे होतो. चिरंजीवांना हायसं वाटलं असावं, ते आईला डोळा घालून म्हणाले, चला, रद्दीतून परत आल्या म्हणायच्या. बायको हसली. सूनही हसली, तेच ते हसणं.

मग मात्र मला राहवलं नाही. मी पुस्तक टेबलावर आपटलं आणि सगळं सांगितलं. पाकीट, पातं, पिनेची थाप, पुठ्ठ्यातला खड्डा, माळ्यावरची शोधाशोध, सगळं. सांगताना आवाज चढला, कारण मला लाज वाटली की माझा आवाज चढतो. संपल्यावर घाम पुसत उभा राहिलो. आता काय ऐकावं लागेल याची मनाची तयारी केली होती. मुलगा तोंडावर बोलेल, बायको आठवडाभर अबोला धरेल, आणि ते मी घेणार होतो, सगळं घेणार होतो.

चिरंजीवांनी पुस्तक उचललं, तो कोरलेला खड्डा बघितला, त्यावर बोट फिरवलं आणि खो खो हसत सुटले. काय पण फिटिंग बसवलंय, बाबा, म्हणाले, सात वर्षं कोणाला पत्ता नाही. बायकोच्या तर डोळ्यांत पाणी आलं हसून. मला हाताला धरून खुर्चीवर बसवलं, पाणी आणून दिलं. कसला हा माणूस, म्हणाली, एवढ्याशा गोष्टीसाठी सात वर्षं जीव जाळला, यांचा स्वभावच असा. दोन मिनिटं झाली नसतील. मला सगळं माफ झालं होतं आणि वर लाड चालले होते. मी पाण्याचा पेला हातात धरून बसलो होतो आणि मला आयुष्यात कधी वाटली नव्हती एवढी शरम वाटली.

निळी पट्टी भरली. पडद्यावर दुसरी डिस्क घालण्याची सूचना आली. सुनेने पहिली काढली, तिच्या पाकिटात सरकवली, आणि पडद्यावरून नजर न हलवता म्हणाली, "माझ्या वेळी कोणी हसून सोडून दिलं नव्हतं."

चिरंजीवांच्या हातात पुस्तक तसंच होतं, उघडं. सुनेने दुसऱ्या डिस्कसाठी हात मागे केला. ती माझ्याजवळच्या टेबलावर होती. मी ती कडेने धरून उचलली, नीट बघितली आणि तिच्या हातात दिली.